आप्पांच्या मिशा

जळगावला बालगंधर्वांच्या नावाचं खुलं नाट्यगृह आहे. कपाशीच्या पैशासाठी बँकेत, नाहीतर पाव्हण्याला भेटायला दवाखान्यात म्हणून जळगावला गेलेले आपल्याकडचे किती लोक त्या रस्त्यानं गेले असतील. पण हे नाव जळगावला कसं आलं, असं फारसं कोणी विचारत नाही. बालगंधर्व म्हणजे पुण्या-सांगलीकडचं काहीतरी, असंच आपण धरून चालतो. खरं तर नारायण श्रीपाद राजहंस हा पोरगा लहानपणी जळगावला राहिलेला आहे, आणि गाण्याचे पहिले धडे त्यानं जळगावच्या मेहबूबखाँसाहेबांकडे घेतले. पुढं लोकमान्य टिळकांनी त्याला बालगंधर्व म्हटलं, 1905 साली तो किर्लोस्कर नाटक मंडळीत गेला, रुक्मिणी झाला, भामिनी झाला, सिंधू झाला, आणि अर्ध्या महाराष्ट्राच्या बायका त्याच्यासारखं लुगडं नेसायला लागल्या. पण सुरुवातीचा सा आमच्या खान्देशातला. हे मी कोणालाही सांगायला मागंपुढं पाहत नाही.

या माणसावर 2011 साली सिनेमा निघाला. 6 मे ला लागला. दिग्दर्शन रवी जाधवांचं, लिहिला अभिराम भडकमकरांनी, पैसा लावला नितीन देसाईंनी, आणि बालगंधर्व झाला सुबोध भावे. मी काही सिनेमावाला नाही. दहावी शिकलेला, पारोळ्याकडचा कोरडवाहू शेतकरी. पण या एका सिनेमाच्या तयारीबद्दल पेपरच्या पुरवण्यांत जेवढं आलं तेवढं मी वाचलं, टीव्हीवरच्या मुलाखती ऐकल्या, कात्रणं बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत जपून ठेवली. घरातले हसायचे. त्याचं कारण आमच्या घरातच होतं. आमचे आप्पा, म्हणजे माझे थोरले चुलते, गावच्या नाटकात बाईचं काम करायचे.

आमच्याकडं नाटक आखाजीला व्हायचं. आखाजी म्हणजे अक्षयतृतीया, पण खान्देशात तिची गंमत वेगळी. लेकीबाळी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. शेतात काम नसतं. सासरहून आलेल्या लेकी पुढं बसायच्या आणि त्यांच्या समोर नाटक व्हायचं. तालीम माघातच सुरू व्हायची, मारुतीच्या देवळात, रात्री जेवणं झाल्यावर. अमळनेरहून पेटीमास्तर यायचे. कपडे, टोप, तलवारी धुळ्याच्या ड्रेपरीवाल्याकडून भाड्यानं आणायच्या, पत्र्याच्या दोन पेट्या एसटीच्या टपावर टाकून. उजेडाला पेट्रोमॅक्स. माझं वय नऊ-दहा वर्षांचं असेल. बत्तीला हवा मारायचं काम माझ्याकडं होतं आणि त्या कामाचा मला फार गर्व होता, कारण बत्ती घेऊन पडद्याच्या मागं जायला मिळायचं.

पडद्यामागं मी आप्पांची सिंधू होताना पाहायचो. ‘एकच प्याला’ आमच्या गावानं तीनदा केलं. दारूचं नाटक, त्यामुळे गावात त्याला मरण नव्हतं. आप्पा नांगर धरणारे, अंगानं सडसडीत, पण हात दगडासारखे. दुपारपासून ते हाताला खोबरेल चोळत बसायचे. मग सफेदा, वर गुलाबी पावडर, डोळ्यात काजळ. गंगावन जोडून अंबाडा. छातीला करवंट्या, वर चोळी, आणि चोळी काखेत उसवू नये म्हणून आतून दुहेरी शिवण. सगळं झालं की ते कोणाशी बोलायचे नाहीत. एका खोक्यावर गुडघे जुळवून बसायचे, आणि बिडी ओढायची झाली तर पाठ करून ओढायचे. मला तेव्हा वाटायचं की लाजतात. आता वाटतं की त्यांना बिडी ओढणारी सिंधू आम्हाला दाखवायची नव्हती.

चालण्याची तालीम त्यांनी वेगळीच केली होती. दाव्याचा एक तुकडा दोन्ही पायांच्या घोट्यांना बांधायचा, मध्ये वीत-दीड वीत अंतर ठेवायचं, आणि तसं बांधावरून पाण्याची कळशी घेऊन चालायचं. पाऊल लांब टाकलं की माणूस आपटणार. आमचा सालदार ते पाहून घरी सांगत आला की आप्पांना काहीतरी लागलंय, भगताकडं न्या.

पुढं सुबोध भावेबद्दल वाचलं की या कामासाठी त्यानं वजन उतरवलं, नऊवारी नेसून चालण्या-बसण्याची सवय केली, तेव्हा मला तो दाव्याचा तुकडा दिसला. लोकांना वाटतं नटाला नुसती साडी नेसवली की झालं. पुरुषाचं सगळं वजन खांद्यात असतं. खांदे पाडायचे म्हटले तर पाठ वाकते आणि माणूस म्हातारी दिसतो. पाठ ताठ ठेवून खांदे पाडणं हे कसब आहे, आणि ते एका महिन्यात येत नाही. आणि इथं तर दुहेरी अडचण होती. भावेला बाई व्हायचं नव्हतं. बाई होणारा एक विशिष्ट पुरुष त्याला व्हायचं होतं, आणि तो पुरुष रंग उतरवल्यावर कसा बसतो, कसा बोलतो, म्हातारपणी पाय गेल्यावर कसा दिसतो, तेही दाखवायचं होतं. हाताशी काय? जुने फोटो, तबकड्यांमधला आवाज, आणि पाहिलेल्या माणसांच्या आठवणी. बालगंधर्व 15 जुलै 1967 ला गेले. त्यांना रंगमंचावर ऐन भरात पाहिलेला माणूस 2011 मध्ये शोधायचा तर नव्वदीचा शोधावा लागणार.

आता मिशांचं सांगतो.

आमच्याकडं बाप जिवंत असताना पोरानं मिशा काढायच्या नाहीत. मिशा काढल्या म्हणजे बाप गेला, असा साधा हिशोब. पहिल्या वर्षी आप्पांनी बारीक कातरून वर सफेद्याचा थर दिला होता. बत्तीच्या उजेडात घामानं तो थर उतरला, आणि सिंधूच्या ओठावर काळी रेघ दिसायला लागली. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. सिंधूचं मूल मरतंय आणि बाया हसताहेत. आप्पांच्या ते जिव्हारी लागलं. दुसऱ्या वर्षी आखाजीच्या आदल्या दिवशी ते न्हाव्याकडं गेले आणि साफ करून आले. बाबा, म्हणजे माझे आजोबा, ओट्यावर बसले होते. त्यांनी आप्पांकडं पाहिलं, आणि आवाज न चढवता म्हणाले, “आरे, मी जित्ता शे ना आजून. तू मिश्या कोनासाठे काढी उना?”

आप्पा काही बोलले नाहीत. बाबा त्या दिवसापासून त्यांच्या पंगतीला बसले नाहीत. दोघं एका घरात, एका चुलीवरचं खायचे, पण बाबांचं ताट आधी नाहीतर नंतर. हे सात वर्षं चाललं, बाबा जाईपर्यंत. आणि बाबा गेल्यावर, ज्या दिवशी खरोखर मिशा काढायच्या, त्या दिवशी आप्पांच्या ओठावर काढायला काहीच नव्हतं. न्हावी वस्तरा हातात घेऊन नुसताच बसून राहिला. आप्पा त्या दिवशी जसे रडले तसे मी त्यांना ना आधी पाहिलं, ना नंतर.

हा पेच काही आमच्या घरात पहिल्यांदा पडला नव्हता. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढायला घेतला तेव्हा तारामतीच्या कामाला बाई मिळेना. जाहिराती दिल्या, वेश्यावस्तीतही विचारून पाहिलं, कोणी येईना. सिनेमा हा धंदा तेव्हा त्याहून हलका मानला जायचा. शेवटी ग्रँट रोडच्या एका खानावळीत काम करणारा साळुंके नावाचा पोऱ्या फाळक्यांनी हेरला. हात नाजूक, चण लहान. तो तारामती झाला आणि 3 मे 1913 ला सिनेमा लोकांसमोर आला. पण बायकांची कामं करणारी पोरं मिशा काढायला तयार नव्हती, बाप जिवंत आहे म्हणून. फाळक्यांना घरोघरच्या बापांची समजूत काढावी लागली, असं सांगतात. परेश मोकाशींच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’त हे फार मजेशीर दाखवलंय, थिएटरात लोक खो-खो हसत होते. मी हसलो नाही. हाच साळुंके पुढं 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये रामही झाला आणि सीताही झाला. एकाच सिनेमात दोन्ही. रामाच्या कामाला त्याला मिशा ठेवायची गरज पडली नाही हे बरं झालं.

जब्बार पटेलांच्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ला बाबासाहेब म्हणून केरळचा मम्मुट्टी मिळाला, तिथंही मिशीवरून अडलं होतं. त्यांच्या मुलखात मिशी म्हणजे नटाचं भांडवल. शेवटी काढली, आणि त्या कामाला त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणि आणखी एक गंमत माझ्या ध्यानात आली. ज्या सुबोध भावेनं गुळगुळीत ओठांनी बालगंधर्व केला, त्यानंच 2015 साली ‘लोकमान्य’मध्ये टिळक केले. भरघोस मिशांचे टिळक. म्हणजे ज्याला नाव मिळालं तो आणि ज्यानं दिलं तो, एकच माणूस. नटाच्या मिशा अशा येतात-जातात. आमच्यासारख्यांच्या घरात त्या येता-जाता वर्षं निघून जातात.

सिनेमात माणूस निवडतात कसा, याचं मला फार कुतूहल आहे. बैल घेताना आम्ही दात पाहतो, चाल पाहतो, खांदा पाहतो. सिनेमावाले चेहरा पाहत असतील, पण नुसत्या चेहऱ्यावर भागत नाही. आमच्या धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरच्या शिवाजीराव पाटलांची मुलगी स्मिता पाटील, तिला ॲटनबरोंच्या ‘गांधी’साठी थेट लंडनला नेऊन पाहिलं होतं, कस्तुरबांच्या कामाला. तिच्याएवढी नटी त्या काळी दुसरी दाखवा. पण काम मिळालं रोहिणी हट्टंगडींना. यात कोणी कमी-जास्त ठरत नाही. बेन किंग्जलेच्या शेजारी बसून चरखा फिरवताना जोडी कोणाची दिसते, हे त्यांना पाहायचं होतं. सगळ्या सिनेमाचा तोल त्या जोडीवर.

बालगंधर्वच्या बाबतीत तोल तीन माणसांत वाटला होता असं मला वाटतं. अंग भावेचं. चेहऱ्यावरचा हात विक्रम गायकवाडांचा. गळा आनंद भाटेंचा. भाटे लहानपणापासून बालगंधर्वांची पदं गायचे, ‘आनंद गंधर्व’ म्हणायचे त्यांना, पुढं भीमसेन जोशींकडं शिकले. म्हणजे या सिनेमासाठी गळ्याची तयारी तीस वर्षं आधीच चालू झाली होती, कोणाला ठाऊक नसताना. गायकवाडांना आणि भाटेंना त्या वर्षीचे राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, शालू-पैठण्यांचं पाहणाऱ्या नीता लुल्लांनाही मिळाला. पण अवघड काम मला भावेचं वाटतं. तान दुसऱ्याच्या गळ्यातली, आणि तोंड आपलं. बालगंधर्व गाताना फार तोंड वाकडं करायचे नाहीत, असं जुन्या फोटोंवरून दिसतं. ओठ जरासे उघडे, मान किंचित कललेली. तानेबरोबर गळ्याची शीर हलली पाहिजे आणि चेहरा मात्र हसरा राहिला पाहिजे. तुम्ही घरी आरशासमोर करून पाहा.

आप्पा स्वतःच गायचे. पेटीमास्तर काळी चारमध्ये धरायचे आणि आप्पांचा आवाज पाचव्या अंकाला बसायचा. लोक म्हणायचे, दुःखामुळे सिंधूचा आवाज बसला. आवाज बसायचा तो खळ्यातल्या भुशामुळे.

सिनेमाच्या आदल्याच वर्षी, 1 जानेवारी 2010 ला, याच रवी जाधवांचा ‘नटरंग’ आला होता. ते काही खऱ्या माणसाचं चरित्र नाही, आनंद यादवांच्या कादंबरीवरचा सिनेमा. पण अतुल कुलकर्णीनं त्यात आधी पैलवानासारखं अंग भरवलं आणि मग नाच्यासाठी ते उतरवलं. आमच्या गावातली पोरं ट्रॅक्टर करून तो पाहायला गेली होती. आल्यावर पारावर एक जण बोलला, “आपल्या गावातबी व्हता एक.” मी तिथंच बसलो होतो. त्याला माहीत नव्हतं की ते माझे चुलते.

आप्पा नाच्या नव्हते, नाटकात काम करणारे होते. तमाशात नाचले नाहीत, फडात गेले नाहीत. पण लोकांना हा फरक कुठं ठाऊक? आणि फडातला नाच्या तरी काय वाईट माणूस असतो? अमळनेरला सखाराम महाराजांच्या यात्रेत बोरी नदीच्या पात्रात मी तमाशे पाहिलेत, तिथं पोटासाठी नाचणारी माणसं आपल्यापेक्षा जास्त कष्ट करत होती. असं मी आज लिहितो. 1978 च्या सुमारास आप्पांच्या मोठ्या मुलीला स्थळ आलं, धुळ्याकडचं, पसंती झाली, सुपारी फुटायची बाकी, आणि निरोप आला की बाप नाच्या आहे म्हणतात, आम्हाला जमणार नाही. आप्पांनी तो निरोप उभ्यानंच ऐकला. आठ दिवस घराबाहेर पडले नाहीत. बाहेर पडले तेव्हा दाढी वाढलेली होती, मग त्यातली दाढी काढली आणि मिशा ठेवल्या. त्या आखाजीला सिंधूचं काम दुसऱ्या एका पोरानं केलं. आप्पा देवळाकडं फिरकले नाहीत. ताईचं लग्न पुढं दोन वर्षांनी झालं, चांगलं झालं, पण आप्पांनी परत रंग लावला नाही. पेटी वाजायला लागली की ते मळ्यात निघून जायचे.

त्याच्याआधीचा, 72 च्या दुष्काळातला एक प्रसंग आहे. सगळं गाव खडी फोडायला रस्त्याच्या कामावर. आप्पा, काकू, माझे आई-वडील, सगळेच. मी शाळा सुटली की सुकडी घ्यायला जायचो. बाया खडी फोडता फोडता आप्पांना हाका मारायच्या, “सिंधूताई, म्हना ना एक पद!” आणि आप्पा म्हणायचे. डोक्याला फडकं, हातात हातोडा, ओठावर मिशी नाही, आणि त्या रखरखाटात बाईच्या आवाजातलं पद. मुकादमही थांबून ऐकायचा. त्यात टिंगल किती आणि माया किती ते मला तेव्हाही कळलं नाही.

पैशाचं तर विचारूच नका. बालगंधर्वांची कंपनी कर्जात गेली, त्यांनी फेडलं, पुन्हा गेली. अत्तरं, गालिचे, खरे शालू, साथीला थिरकवांसारखा तबलजी आणि कादरबक्षांची सारंगी. कमी दर्जाचं काही प्रेक्षकांसमोर न्यायचं नाही. प्रेक्षकांना ते मायबाप म्हणायचे आणि मायबापांसाठी कर्ज काढायचे. आप्पांचा जीव केवढा, तर त्यांनी ड्रेपरी आणि पडद्यांसाठी रस्त्याकडची दोन एकर गहाण टाकली आणि ती सुटली नाही. आज तिथं पेट्रोल पंप आहे. आणि ज्या नितीन देसाईंनी हा सिनेमा काढला, जुनं नाटकघर, जुना काळ उभा केला, त्यांनी 2 ऑगस्ट 2023 ला कर्जतच्या आपल्याच स्टुडिओत जीव दिला. डोक्यावर कर्ज होतं असं सगळ्या पेपरांनी छापलं. ती बातमी मी दोनदा वाचली. आमच्या भागात कर्जापायी गेलेली माणसं मी खांद्यावरून नेली आहेत. पण एवढी मोठमोठी सिंहासनं, राजवाडे उभे करणाऱ्या माणसालाही तेच गाठतं, हे मनाला लवकर पटलं नाही. ते कात्रण मी त्याच पिशवीत ठेवलं.

सिनेमा मी आधी जळगावला थिएटरात पाहिला. वर्षभरानं तो टीव्हीवर लागला तेव्हा काकूला बोलावलं. आप्पा 1996 ला गेले होते. काकूचं वय सत्तरीच्या पुढं, ऐकू बरं येत होतं, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. ती खुर्चीवर बसेना, खाली भिंतीला टेकून बसली. मला भीती होती की ती मध्येच उठून जाईल.

सुबोध भावे पहिल्यांदा बाईच्या वेषात आला तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “याले पदर लेता येस.” थोड्या वेळानं म्हणाली, “बठताना निऱ्या पुढे घ्या त्यानी. कोनी तरी बाईनी शिकाडेल व्हई.” मी म्हटलं, काकू, मोठमोठी माणसं असतात त्यांच्याकडं शिकवायला. ती माझ्याकडं न पाहता म्हणाली, “तुन्हा आप्पाले कोनी शिकाडं व्हतं, म्हाईत शे का?” मी म्हटलं, पेटीमास्तरांनी. ती हसली. “पेटीमास्तर काय शिकाडी? त्यास्ले मी शिकाडेल शे. जातावर मी बसाडं त्यास्ले. दार लाई-लाईसन.”

एवढ्या वर्षांत हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. लहानपणी रात्री त्यांच्या खोलीचं दार लागलेलं आणि आत चिमणी जळताना दिसायची, आणि जात्याची घरघर. आम्हाला वाटायचं काकूला दिवसा दळायला वेळ मिळत नाही. दळताना हात फिरत नाही, कमरेपासून अंग फिरतं, हे तिनं त्यांना दाखवलं होतं. मूल मांडीवर असताना खुंटा कोणत्या हातानं धरायचा तेही. लेकी रडायच्या त्या सिंधूचं दळण पाहून. ते दळण काकूचं होतं.

मग मानापमानाचा भाग आला. 1911 साल, नाटकाचा पहिला प्रयोग, त्याच दिवशी बालगंधर्वांची मुलगी गेलेली, आणि हा माणूस रंग लावून उभा राहतो. काकू उठली आणि गोठ्याकडं गेली. म्हशीला पाणी दाखवायची ती वेळ नव्हती. परत आली तेव्हा लक्ष्मीबाई, बालगंधर्वांची बायको, पडद्यावर होती. विभावरी देशपांडेनं ते काम केलंय. फार बोलत नाही ती सिनेमात. काकू तिच्याकडंच पाहत राहिली. आम्ही सगळे भावेकडं पाहत होतो, काकू एकटी तिच्याकडं. म्हणाली, “तिले कोन्ही इचारं का?” आणि नंतर, “तुन्हा आप्पा मन्हं लगीननं लुगडं लई गया नाटकमा. ते परत उनं नही.”

त्या लुगड्याचं काय झालं ते आम्हाला ठाऊक होतं. शेवटच्या अंकात सिंधूला फाटकं, ठिगळांचं लुगडं लागतं. बालगंधर्वही शालू सोडून ठिगळांचं नेसायचे म्हणतात. आप्पांनी काकूचं लग्नातलं लुगडं नेलं होतं आणि मास्तरांनी ते खरं दिसावं म्हणून खरंच फाडलं होतं.

सिनेमा संपल्यावर ती लगेच झोपायला गेली नाही. भिंतीवरच्या आप्पांच्या फोटोकडं पाहत होती. त्या फोटोचंही सांगायला हवं. आप्पांचा नीट असा एकच फोटो होता, ड्रेपरी आणायला गेले तेव्हा धुळ्याच्या एका स्टुडिओत काढलेला. पांढरा सदरा, केस मागं वळवलेले, ओठ साफ. आप्पा गेले तेव्हा हार घालायला दुसरा फोटोच नव्हता. माझ्या चुलतभावानं तो पारोळ्याला नेऊन मोठा करून घेतला आणि फोटोवाल्याकडून वर मिशा रंगवून घेतल्या. पाव्हणेरावळे येतात, बिनमिशांचा बाप बरा दिसत नाही, असं त्याचं म्हणणं. त्यात त्याचाही दोष नाही, त्याच्या बहिणीचं मोडलेलं स्थळ त्यानं पाहिलं होतं. ब्रशनं काढलेल्या त्या मिशा जरा एका बाजूला वर गेलेल्या होत्या. सोळा वर्षं आम्ही त्यांनाच हार घालत आलो.

काकू म्हणाली, “त्या मिश्या काढी टाक.”

चुलतभाऊ दोन दिवस कुरकुरला. लोक काय म्हणतील, आता कशाला, असं. काकूनं त्याला एकदाच सांगितलं, आणि मग तिनं त्याच्याशी बोलणं बंद केलं. बाबांचाच गुण. तिसऱ्या दिवशी तो माझ्याकडं आला, आणि मी फोटो पिशवीत घालून पारोळ्याला गेलो. जुना फोटोवाला वारला होता, त्याचा मुलगा आता कॉम्प्युटरवर करतो. मूळ फोटो काकूच्या पत्र्याच्या पेटीत निघाला, तो दिला. गंगावनाचा एक तुकडाही त्या पेटीत होता, कागदात गुंडाळलेला, तो मी होता तसा ठेवला.

पोरानं मूळ फोटो स्कॅनरवर ठेवला, भिंतीवरचा शेजारी धरला, आणि विचारलं, “काका, दोन्हीतले खरे कोणते?”

मी म्हटलं, बिनमिशांचे. मोठा कर, आणि ओठांच्या कडेला ती सफेद्याची बारीक रेघ राहिली आहे ना, ती पुसू नको.